सात अक्षरांचे पान

जपानी मुळाक्षरांची जुनी मालिका ‘इ, रो, हा, नि, हो, हे, तो’ अशी सुरू होते, आणि ज्या मॅपल वृक्षाच्या पानाला बहुधा सात निमुळती बोटे असतात त्याच्या बोटांवर ही सात अक्षरे मोजता येतात, म्हणून त्या देशातील लोकांनी त्याला ‘इरोहा-मोमिजी’ असे नाव दिले. मॅपलांना तेथे ‘काएदे’ असेही म्हणतात. ‘काएरु-ते’, म्हणजे बेडकाचा हात, या शब्दांचा तो संक्षेप आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पेटर थुनबर्ग १७७५ साली डच कंपनीचा वैद्य म्हणून नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर उतरला, तेव्हा त्यालाही या पानात हातच दिसला, आणि १७८४ साली त्याने ‘एसर पामाटम’, म्हणजे पंजासारख्या पानाचा मॅपल, अशी त्याची नोंद शास्त्राच्या दप्तरी केली.

या वृक्षाचे बी मोठे स्वतंत्र वृत्तीचे असते. एकाच झाडाखालची रोपे पाहिली तर कोणाचे पान रुंद, कोणाचे दोऱ्यासारखे चिरलेले, कोणाचे वसंतातच तांबूस, असा प्रकार आढळतो. एदो नगराच्या सीमेवरील सोमेई गावात इतो इहेइ या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या रोपवाटिका चालविली, आणि १६९५ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या उद्यानग्रंथांतून अशा वैचित्र्यांची नावनिशीवार नोंद ठेवण्याची तजवीज केली. आज नामांकित वाणांची संख्या हजारावर गेली आहे. आवडलेले वैचित्र्य बियांतून जसेच्या तसे उतरत नसल्याने ते कलमानेच टिकवावे लागते: साध्या इरोहाच्या दोनएक वर्षांच्या खुंटाला बाजूने तिरका काप देतात, कलमकाडी पाचरीसारखी तासून त्यात बसवितात, आणि सालीखालचा ओलसर हिरवा थर थराला नेमका भिडला की सांधा घट्ट बांधतात. पुढे या सांध्याच्या खालून जोमदार फुटवे येऊ लागले, तर ते खुंटाचे आहेत हे ओळखून वेळीच काढले पाहिजेत. नाही तर काही वर्षांत आश्रयदाताच वर येतो आणि मोलाचा वाण नाहीसा होतो.

शरदातील तांबड्या रंगाविषयी एक समजूत फार रूढ आहे, ती अशी की हरितद्रव्य ओसरले म्हणजे खाली झाकलेला रंग आपोआप उघडा पडतो. पिवळ्या रंगापुरते ते खरे आहे, कारण कॅरोटिनॉइडे पानात उन्हाळाभर असतातच. परंतु तांबडे अँथोसायनिन वृक्ष बहुतांशी त्याच वेळी, अखेरचे काही आठवडे उरलेल्या पानात, साखर खर्ची घालून नव्याने तयार करतो. गळून जाणाऱ्या पानावर हा खर्च कशासाठी? अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांचे उत्तर असे की, हिवाळ्याचा अंमल बसण्यापूर्वी वृक्षाला पानातील नत्राची वसुली करून ते फांद्यांत व मुळांत जमा करावयाचे असते. हरितद्रव्याची यंत्रणा मोडली जात असताना वरून पडणारा प्रखर प्रकाश पेशींना इजा करू शकतो, आणि हे काम पुरे होईतो अँथोसायनिन छत्रासारखे आड येते. मला हे उत्तर पटते, कारण त्याचा एक पुरावा आपल्या सह्याद्रीतही दिसतो. कुसुंबाची कोवळी पालवी फाल्गुन-चैत्रात रक्तासारखी लाल असते, आणि तेथेही कोवळ्या पेशींचे उन्हापासून रक्षण हाच त्या लालीचा हेतू मानला जातो. शिवाय आधुनिक वर्गीकरणाप्रमाणे मॅपल, कुसुंब, लिची आणि आपला रिठा हे सारे एकाच कुलातील आप्त आहेत.

दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री न गोठविणारी थंडी असा योग आला, म्हणजे साखर पानात साठते आणि रंग चढतो. क्योटोच्या तोफुकु-जी मंदिरातील पुलावरून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात खालची दरी पाहण्यासाठी जी गर्दी लोटते ती या योगासाठीच. ज्याला हा रंग आपल्या अंगणात हवा असेल, त्याने मात्र प्रथम मुळांकडे पाहावे. या वृक्षाची मुळे तंतुमय व उथळ असतात. त्यांना ओल हवी, पण साचलेले पाणी मुळीच खपत नाही. खड्डा रुंद घ्यावा, खोल नव्हे. बुंधा जेथे रुंदावून मुळांना मिळतो तो भाग मातीच्या वरच राहील अशी खातरजमा करावी. माती किंचित आम्ल, पोयट्याची व निचऱ्याची असावी, आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास शेंडे लांबट व दुबळे वाढतात आणि रंग फिका पडतो. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली ही याची आवडती व्यवस्था. भर उन्हात व कोरड्या वाऱ्यात पानांच्या कडा करपतात, आणि तांबड्या पानांचे वाण गर्द सावलीत हिरवट होतात. दख्खनच्या पठारावरील हौशी माणसाने याचा मोह आवरलेला बरा, कारण आपल्या वैशाखाचे ऊन याला सोसत नाही आणि कळ्यांना निद्रेतून जागे होण्यासाठी लागणारी दीर्घ थंडी आपल्या हिवाळ्यात नाही.

एखादीच फांदी ऐन वाढीत कोमेजली, तर ती तिरकी कापून लाकूड पाहावे. त्यात हिरवट-करड्या रेषा दिसल्या तर मातीतून मुळांवाटे शिरणाऱ्या व्हर्टिसिलियम बुरशीचा मर रोग समजावा. त्यावर हमखास औषध नाही. फांदी निरोगी लाकडापर्यंत काढावी, हत्यार निर्जंतुक करावे आणि तेथे पुन्हा मॅपल लावू नये. एरवीची छाटणी पानगळीनंतर, भर थंडीत उरकावी. वसंताच्या तोंडावर रस चढू लागला की कापातून तो सारखा पाझरत राहतो.

बियांपासून रोपे करावयाची असतील, तर शरदात भिरभिऱ्यासारखी गरगरत खाली येणारी जोडपंखी फळे वाळण्यापूर्वी गोळा करून ओलसर वाळूत सुमारे तीन महिने थंडीत ठेवावी. बी एकदा वाळून कठीण झाले की त्याची निद्रा लांबते. तेव्हा पहिल्या वसंतात वाफ्यात काहीच दिसले नाही म्हणून तो मोडू नये. ओल राखावी आणि तण हाताने काढावे, कारण पुष्कळदा दुसऱ्या वसंतातच बी उगवते.