चौकी मंत्रालयाची, खांब महापालिकेचा

निवडणूक आली की पुण्यात दारादारांत कार्यअहवाल येऊन पडतात. गुळगुळीत कागद, हात जोडलेला फोटो, आणि गेली काही वर्षं न चुकता एक पान ‘सुरक्षित प्रभाग’ या मथळ्याचं. त्या पानावर सीसीटीव्हीच्या खांबाखाली उभे असलेले नगरसेवक. हे पान कुठून आलं, ते शोधायला फार मागं जावं लागत नाही.

कायद्याच्या पुस्तकात नगरसेवकाचा आणि पोलिसांचा काही संबंध नाही. पोलीस हा विषय राज्यघटनेनं राज्य सूचीत घातला. त्यामुळे हवालदाराची बदली असो की नव्या ठाण्याची मंजुरी, सूत्रं गृहखात्याकडे. १९४९च्या महापालिका कायद्यात पालिकेच्या बंधनकारक कामांची यादी आहे, तीत रस्त्यावरची दिवाबत्ती सापडते. गस्त सापडत नाही. तरीही मत मागायला आलेल्या उमेदवाराला आजी विचारते, “रात्री पोरगी क्लासहून येते, गल्लीत पोरं बसलेली असतात, त्याचं काय?” आजीनं राज्य सूची वाचलेली नसते, आणि उमेदवारही तिला ती वाचून दाखवत नाही. तो म्हणतो, “आजी, कॅमेरा बसवून देतो.”

या कॅमेऱ्याची सुरुवात धास्तीतून झाली. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीचा स्फोट झाला, १७ माणसं गेली. २०१२च्या फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक झाली. महिलांना निम्म्या जागा मिळालेली ती पुण्यातली पहिलीच. त्याच वर्षी १ ऑगस्टला, सुशीलकुमार शिंदे यांनी केंद्रीय गृहमंत्रिपदाची सूत्रं घेतली त्या दिवशी, जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. पुढच्या वर्षी २० ऑगस्टच्या सकाळी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. परिसरातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण धूसर निघालं. दोघांना जन्मठेप व्हायला २०२४चा मे उजाडला. २०१४च्या जुलैत तर खुद्द फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळात स्फोट झाला. सरकारी कॅमेऱ्यांचं जाळं विणलं जात होतंच, पण नगरसेवकांनीही अंदाजपत्रकातल्या ‘स यादी’तून, म्हणजे प्रभागातल्या कामांसाठीच्या निधीतून, आपापले कॅमेरे लावले. बाकडी, कापडी पिशव्या आणि कॅमेरे एकाच निधीतून आले. देखभालीचं पुढं काय झालं, ते खांबावरच्या तुटक्या वायरी सांगतात. (नावाची पाटी मात्र शाबूत असते.)

२०१७ची निवडणूक गेली. मग २०२२च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आला. तो राहिला जवळपास चार वर्षं. हा काळ मला सगळ्यात बोलका वाटतो, कारण पुणेकरांची झोप उडवणाऱ्या घटनांची रांग नेमकी तेव्हाच लागली. कोयता गँग हा शब्द घरोघरी पोचला. ५ जानेवारी २०२४ला कोथरूडमध्ये भरदिवसा टोळीयुद्धातला गोळीबार. १९ मेला कल्याणीनगरात पोर्शेखाली दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू, आणि पाठोपाठ ससूनमधल्या रक्तनमुन्यांची अदलाबदल. १ सप्टेंबरला नाना पेठेत एका माजी नगरसेवकाचाच खून. ऑक्टोबरात बोपदेव घाटातला सामूहिक बलात्कार. २५ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे स्वारगेट.

स्वारगेटपाशी जरा थांबायला हवं. बलात्कार झाला तो उभ्या शिवशाही बसमध्ये. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. स्थानक एसटी महामंडळाचं, ठाणं गृहखात्याचं, बाहेरचा रस्ता महापालिकेचा. जाब कुणाला विचारायचा? लोकांचा राग आवारातल्या सुरक्षारक्षकांच्या केबिनवर निघाला, तिच्या काचा फुटल्या. सभागृह असतं तर काय झालं असतं? फार तर तहकुबी, काळ्या फिती, आयुक्तांना निवेदन. पण निदान ओरडायला एक जागा असती.

पोर्शेनंतर पालिकेनं खरं तर स्वतःचं हत्यार दाखवलं होतं. पब आणि रूफटॉप हॉटेलांच्या बेकायदा बांधकामांवर जेसीबी गेले. ती बांधकामं काही १९ मेच्या रात्री उभी राहिली नव्हती. पालिकेची सुरक्षा ही अशीच असते: अतिक्रमण विभाग, बंद पडलेला दिवा, फुटपाथवरून रस्त्यावर उतरायला लागणारी बाई, कुलूप लावलेलं स्वच्छतागृह. कार्यअहवालात हे सगळं ‘विकासकामे’ या पानावर जातं, म्हणून सुरक्षेच्या पानावर कॅमेराच उरतो.

उपनगरांची तऱ्हा आणखी वेगळी. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं पालिकेत आली. मिळकतकराची बिलं लगोलग पोचली. ठाणी यायला २०२४ उजाडलं. आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात. त्यांचं श्रेय घेणारे फलक लागले, तेव्हा शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. होते ते सगळे माजी आणि भावी.

अखेर १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं. प्रचारात गुन्हेगारी हा मोठा मुद्दा होता. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या घरांत तिकिटं कुणी दिली, यावरून मित्रपक्षही एकमेकांवर तुटून पडले. निकाल लागला तेव्हा पेठांच्या एका प्रभागातून खुनाच्या खटल्यात कोठडीत असलेल्या दोन महिला निवडून आल्या होत्या. त्यांचा दोष न्यायालयात ठरायचा आहे. बाहेरच्या पुण्यानं मात्र ‘मतदारांना सुरक्षेचं काही पडलेलं नाही’ असा शेरा मारून टाकला. मला तो घाईचा वाटतो. रात्री बारा वाजता भानगड झाली तर कुणाचं दार वाजवायचं आणि कुणाच्या शब्दावर चौकी हलते, हे पेठेतल्या माणसाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. त्यानं तेच दार पुन्हा निवडलं असेल, तर त्यालाही तो सुरक्षेचाच विचार म्हणेल.