सुटलेल्या दुव्यांची यादी

मेनफ्रेमवरची जुनी प्रणाली समजून घेण्याचं काम मोजदादीने सुरू होतं. अमेरिकेतल्या एखाद्या विमा कंपनीची कित्येक दशकं चाललेली कोबोल प्रणाली पुण्यात आमच्या टीमकडे विश्लेषणासाठी येते, तेव्हा प्रोग्रॅम वाचायची घाई कुणी करत नाही. आधी दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या: मशीनवर खरोखर चालणारी लोड मोड्यूल्स आणि हाती आलेला सोर्स. त्या क्वचितच जुळतात. एखादा प्रोग्रॅम रोज रात्री चालतो, पण त्याचा सोर्स सापडत नाही. दुसऱ्याच्या तीन आवृत्त्या सापडतात आणि त्यांतली कुठली कंपाइल झाली, हे लोड मोड्यूलमध्ये नोंदलेल्या तारखेवरून ताडावं लागतं. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण तो गाळला तर पुढचं सगळं विश्लेषण भलत्याच प्रोग्रॅमचं होतं.

मग पार्सर लावायचा. आयबीएमचं एडीडीआय किंवा एंटरप्राइझ अ‍ॅनालायझर यांसारखी साधनं कोबोल, कॉपीबुक, जेसीएल, सीआयसीएसचे स्क्रीन आणि डीबी२ची टेबलं एकत्र वाचतात आणि कोण कुणाला बोलावतं, कुठली फाइल कोण लिहितं, हे एका साठ्यात मांडून ठेवतात. त्याचं खरं मोल एका साध्या प्रश्नात दिसतं. पॉलिसी क्रमांक आठ अंकांचा आहे, तो दहा अंकी करायचा. काय काय बदलेल? नाव शोधून भागत नाही. तोच क्रमांक ‘मूव्ह’ होऊन दुसऱ्या नावाच्या फील्डमध्ये गेलेला असतो. ‘रीडिफाइन्स’मुळे त्याच बाइट्सना दुसरं नाव आणि दुसरा आकार मिळालेला असतो. कधी तर अख्खं रेकॉर्डच एका ‘मूव्ह’मध्ये उचललेलं असतं आणि पॉलिसी क्रमांकाचं नाव त्या ओळीत येतही नाही. साधन बाइट मोजत मोजत हा माग काढतं. माणसाने तो कागदावर काढायचा तर आठवडे जातात, आणि तरी एखादी फाइल राहून जाते.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ साली इथे सुरू झालं आणि प्रोग्रॅमचं विश्लेषण हा तिथल्या संशोधनाचा एक मोठा विषय राहिला. वायटूकेच्या वेळी तारखेतल्या वर्षाचे दोन अंक कुठून कुठे जातात, याच शोधात पुण्या-मुंबईतल्या कितीतरी तरुणांची नोकरी सुरू झाली. कोबोल १९५९ सालचं. त्या मुलामुलींच्या जन्माआधीची भाषा त्यांनी इतरांच्या प्रोग्रॅममधून शिकून घेतली. त्या पिढीबद्दल मला फार आदर आहे.

साधनाने काढलेले रंगीत आलेख सगळ्यांना आवडतात, सादरीकरणात तेच दाखवले जातात. मी मात्र आधी सुटलेल्या दुव्यांची यादी उघडते. कोबोलमध्ये दुसऱ्या प्रोग्रॅमला बोलावताना त्याचं नाव थेट लिहिता येतं, किंवा ते नाव एका फील्डमध्ये ठेवून फील्डलाच ‘कॉल’ करता येतो. दुसऱ्या प्रकारात नाव कुठून येतं? कधी डेटाबेसच्या टेबलातून, कधी जॉबसोबत दिलेल्या कंट्रोल कार्डातून. तिथे सोर्समध्ये उत्तर नसतंच. चांगलं साधन अशा जागी थांबतं आणि लिहितं, दुवा लागला नाही. असेम्ब्लरमधली लहान मोड्यूल्सही बहुधा याच यादीत येतात.

अशाच एका फील्डबद्दल आम्ही कंपनीतल्या एका ज्येष्ठ ऑपरेटरना विचारलं. त्यांनी सांगितलं की ते नाव वर्षअखेरच्या जॉबच्या कंट्रोल कार्डात येतं. आलेखात त्या मोड्यूलकडे एकही बाण जात नव्हता आणि हाती असलेल्या तीन महिन्यांच्या नोंदींत ते एकदाही चाललं नव्हतं. ‘मृत कोड’ म्हणून ते वगळलं गेलं असतं आणि जानेवारीत एजंटांची कर-विवरणं निघालीच नसती. त्यामुळे नोंदी किमान सव्वा वर्षाच्या हव्यात, हा आग्रह मी सोडत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधनं आली आहेत. आयबीएमने २०२३ साली वॉटसनएक्स कोड असिस्टंट फॉर झेड आणलं. कोबोल समजून घ्यायला आणि त्याचं जावात रूपांतर करायला ते मदत करतं. अशी साधनं हजार ओळींच्या परिच्छेदाचा अर्थ सोप्या भाषेत मांडतात, नव्या मुलांची भीती पळते. मला ती हवीच आहेत. पण न लागलेल्या दुव्याबद्दलही तसंच ओघवतं वाक्य येऊ शकतं, आणि वाचणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक विधानाशेजारी सोर्सच्या ओळींचे क्रमांक असावेत आणि सुटलेल्यांची यादी वेगळी मिळावी, ही माझी मागणी आहे.

कोड जावात गेला की जुनी आणि नवी प्रणाली एकाच डेटावर चालवून निकाल ताडून पाहायचे. इथे मेनफ्रेमचे स्वभाव उघडे पडतात. मेनफ्रेमच्या ईबीसीडीआयसी या संकेतप्रणालीत अक्षरं आधी आणि अंक नंतर, आस्कीमध्ये उलट. क्रमाने लावलेल्या दोन फाइली जोडणारा प्रोग्रॅम त्यामुळे निम्मी रेकॉर्ड्स ‘सापडली नाहीत’ म्हणून बाजूला टाकू शकतो. ‘राउंडेड’ लिहिलं नसेल तर कोबोल जादाचे दशांश सरळ कापतं.

सध्याच्या तुलनेत उरलेले सगळे फरक एका सेंटचे आहेत आणि सगळे एकाच राज्यातल्या पॉलिसींचे. माग काढल्यावर हप्त्याची दोन सूत्रं सापडली, एकात ‘राउंडेड’ आहे, दुसऱ्यात नाही. नव्या प्रणालीने दोन्हीकडे पूर्णांकन केलं होतं. पंच कार्डांच्या काळापासून कोबोलच्या ओळीतले ७३ ते ८० हे रकाने कंपायलर वाचत नाही. प्रोग्रॅमर तिथे बदलाचा क्रमांक टाकत. त्या दुसऱ्या सूत्राच्या ओळीवर असा क्रमांक आहे, म्हणजे कुणीतरी ‘राउंडेड’ मुद्दाम काढलं असावं. राज्याच्या विमा नियमामुळे काढलं का, हे कंपनीच्या अ‍ॅक्च्युअरींना विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत जावातही तिथे दशांश कापायचे, असं ठरलं आहे.