पायाखाली तांबे, तरीही खाण नाही

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात. खाली कृष्णाकाठी उसाच्या पट्ट्यात विहिरी-नदीवरच्या मोटारी पाणी उपसतात. दोन्ही चालतात तांब्याच्या तारेवर. मोटार जळाली की रिवाइंडिंगच्या दुकानात जुनी तार किलोवर तोलली जाते आणि तांब्याचा भाव शेतकऱ्याला चांगलाच कळतो. हे तांबे मात्र सातारा-सांगलीच्या जमिनीतून आलेले नसते. दोन्ही जिल्ह्यांत तांब्याची एकही खाण नाही.

म्हणून इथल्या खडकात तांबेच नाही, असे मात्र नव्हे. दख्खनच्या काळ्या पाषाणात टनामागे साधारण 100 ते 200 ग्रॅम तांबे असते. भूखंडांच्या वरच्या कवचाची सरासरी 30 ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे सज्जनगडाचा कातळ काय किंवा दंडोबाचा डोंगर काय, तांब्याच्या बाबतीत सरासरीपेक्षा श्रीमंतच. पण खाण परवडायची तर टनामागे निदान तीन ते पाच किलो तांबे लागते. विखुरलेला धातू एका जागी गोळा व्हावा लागतो.

विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफपेठांत हेच काम करतात. दुकानातली झाडलोट गोळा करायची, भट्टीत घालायची आणि कणाकणाने सांडलेले सोने एका गोळ्यात आणायचे. निसर्गाच्या गलाईकामात भट्टीइतकेच महत्त्व पाण्याला आहे.

जगातले निम्म्याहून अधिक तांबे ज्या साठ्यांतून निघते त्यांना पॉर्फिरी तांबेसाठे म्हणतात. बारीक पोताच्या अग्निजन्य खडकात मोठे स्फटिक रुतलेले असले, की त्या खडकाला पॉर्फिरी म्हणतात. चिलीतील चुकिकामाता, एल तेनिएंते, एस्कोन्दिदा, अमेरिकेतील युटाची बिंगहॅम कॅन्यन, ही सगळी याच घराण्यातली. हे साठे प्रामुख्याने तिथे होतात जिथे महासागराचे तळ भूखंडाखाली सरकतात. खाली जाणारा तळ खनिजांत अडकलेले पाणी सोबत नेतो. खोलवरच्या उष्णतेने ते सुटते, वर, कवचाखालच्या प्रावरणात मुरते आणि तिथला खडक वितळू लागतो. असा शिलारस पाणीदार असतो. वजनाच्या चार टक्के किंवा त्याहून अधिक पाणी त्यात विरघळलेले असते. त्यात ऑक्सिजनही पुरेसा असतो, त्यामुळे गंधक सल्फेटच्या रूपात राहतो. हे फार महत्त्वाचे, कारण गंधक वेळेआधी सल्फाइड झाला तर तांब्याला घेऊन खोलवरच बसतो.

हा शिलारस पृष्ठभागाखाली काही किलोमीटरवर थबकतो. दाब कमी होतो, स्फटिक जमू लागतात आणि उरलेल्या रसात पाणी मावेनासे होते. ते सुटते आणि सोबत क्लोरीन, गंधक व तांबे ओढून घेते. या तप्त खारट द्रवाच्या दाबाने वरचा खडक तडकतो आणि त्याला बारीक भेगांचे जाळे पडते. द्रव 400 अंश सेल्सिअसच्या खाली निवू लागला की त्यातले बरेचसे तांबे चाल्कोपायराइट या सल्फाइड खनिजाच्या रूपात बसते. अशा खाणीतला तुकडा हातात घेतला तर करड्या खडकात एकमेकींना छेदणाऱ्या गारेच्या शिरा दिसतात, शिरांच्या कडेला गुलाबी फेल्डस्पार आणि मध्ये पितळी चमक असलेले दाणे. यात शिरांचा क्रमही वाचता येतो. जी शीर दुसरीला कापून जाते ती नंतरची.

आता आपल्याकडे येऊ. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी 1985 साली महाबळेश्वर परिसरातील थरांचा रासायनिक क्रम मांडला, तेव्हापासून आंबेनळी आणि महाबळेश्वर ही थरांची नावे जगभरच्या भूवैज्ञानिकांच्या तोंडी आहेत. हा लाव्हा प्रावरणातल्या उष्ण भागातून आला. त्यात पाणी फारच थोडे होते. तो वाटेत थबकून पाणी सोडत बसला नाही, थरावर थर अंथरत गेला. तांबे होते, पण ते गोळा करणारा द्रव नव्हता.

पाणी पुढे आले, पण निराळ्या रूपात. घाटातल्या रस्त्याच्या कापणीत पाषाणातल्या पोकळ्या पाहाव्यात. त्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक असतात आणि कडेला हिरवा थर. अनेकांना तो तांब्याचा अंश वाटतो. नखाने खरवडला तर मातकट हिरवी पूड निघते. हे सेलाडोनाइट, त्याचा हिरवा रंग लोहाचा. तांब्याचे हिरवे मॅलाकाइट नखाला दाद देत नाही आणि आम्लाच्या थेंबाने फसफसते. अमेरिकेतील मिशिगनमध्ये 110 कोटी वर्षांच्या अशाच लाव्हाच्या पोकळ्यांत शुद्ध तांबे भरलेले सापडले. तिथले थर खोल गाडले गेले, तापले, आणि उष्ण द्रवांनी तांबे हलवले. आपल्या थरांना तो योग आला नाही.

मराठी मुलखाच्या शेजारी मात्र पॉर्फिरीच्या सर्वांत जवळचे उदाहरण आहे. गोंदियापलीकडे बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंड. हिंदुस्थान कॉपरची ही खाण 1982 पासून चालते. तिथल्या ग्रॅनाइटमधील तांबे-मॉलिब्डेनमचे वय सुमारे 250 कोटी वर्षे आहे. तो साठा खरा पॉर्फिरी की गारेच्या महाशिरेचा निराळा प्रकार, यावर संशोधकांत मतभेद आहेत. एरवी पॉर्फिरी साठे उथळ जागी, उंचावत्या पर्वतांत तयार होतात आणि झिजून नाहीसे होतात; म्हणून बहुतेक ज्ञात साठे तरुण आहेत. इतका जुना साठा टिकणे हेच मोठे नवल आहे.

आणि सातारच्या पाषाणाखाली काय? 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाचे मूळ शोधताना कराडच्या भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेने कोयना परिसरात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटरचे छिद्र घेतले. सव्वा किलोमीटरच्या आसपास पाषाण संपला आणि थेट प्राचीन ग्रॅनाइटी पाया लागला. या भागातल्या पायाचे वय सुमारे 270 कोटी वर्षे निघते. ते छिद्र भूकंपासाठी होते, तांब्यासाठी नव्हे. पण पश्चिम महाराष्ट्राचा पाया आपल्याला अजून काही छिद्रांएवढाच ठाऊक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

कराड, सातारा, सांगलीच्या महाविद्यालयांतली मुले आंबेनळी घाटात सहलीला जातात तेव्हा खडकाचे नाव आणि घटक पाठ करतात. त्यांना त्यापुढचा प्रश्न शिकवला पाहिजे: या खडकातून काय वाहिले, किती तापलेले, आणि कुठे थांबले? तांब्याचा साठा घटकांच्या यादीतून कळत नाही, या प्रश्नाच्या उत्तरातून कळतो.