काळी, कडू आणि १० टक्के: इम्पिरियल स्टाउटला मार्क कसे द्यायचे?

आजचा भाग बिअरवर आहे, त्यामुळे कायदेशीर वयात न बसणाऱ्यांनी हा स्किप करा, पुढच्या भागात भेटू.

तर, इम्पिरियल स्टाउट. आपल्याकडे बिअर शॉपच्या काउंटरवर पहिला प्रश्न असतो, "माइल्ड की स्ट्रॉंग?" आणि स्ट्रॉंग चांगली की वाईट हे कशावरून ठरतं, तर किती लवकर चढते त्यावरून. इम्पिरियल स्टाउटला ही फूटपट्टी लावली की सगळंच गंडतं. हिच्यात अल्कोहोल साधारण ८ ते १२ टक्के असतं, पण ते जिभेला बोचलं नाही तर बिअर चांगली बनलीय असं समजायचं.

नावातलं 'इम्पिरियल' रशियाचं आहे, बिअर मात्र लंडनची. १८व्या शतकात लंडनच्या साउथवार्क भागातली हेन्री थ्रेल यांची ब्रुअरी रशियाला जोरदार काळी बिअर पाठवायची. सम्राज्ञी कॅथरिनच्या दरबारात ती जायची. १७८१ मध्ये ब्रुअरी विकली गेली आणि पुढे बार्कले पर्किन्स या नावाने चालली. आज या प्रकारात सगळ्यात जास्त प्रयोग अमेरिकन क्राफ्ट ब्रुअरीज करतात. कॅलिफोर्नियाच्या नॉर्थ कोस्टची 'ओल्ड रास्पुतिन' (९ टक्के) हे त्यातलं गाजलेलं उदाहरण.

आता एक गैरसमज. काळी म्हणजे कडक, असं नसतं. गिनेस ड्राफ्टही काळीच असते, पण तिच्यात अल्कोहोल ४ टक्क्यांच्या आसपासच. रंग येतो कडक भाजलेल्या धान्यातून, आणि ते थोडंसं घातलं तरी पुरतं. अल्कोहोल येतं ते यीस्टला किती साखर खायला मिळाली यावरून. दोन वेगळी व्हेरिएबल्स आहेत ही.

स्पर्धांमध्ये परीक्षक जो बीजेसीपीचा तक्ता वापरतात, त्यात एकूण ५० मार्क असतात. वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला फील ५ आणि एकूण मत १०. दिसण्याला फक्त ३! म्हणजे रीलवर दाखवतो तो तपकिरी फेस ५० पैकी ३ मार्कांचा.

सुरुवात फ्रिजपासून. ४ डिग्रीला ही बिअर जवळजवळ मुकी असते. बाटली अर्धा तास आधी बाहेर काढा, १०-१२ डिग्रीला आली की बोलायला लागते. उंच मगपेक्षा वाइनचा ग्लास बरा. शंभरेक मिली ओता आणि प्यायच्या आधी हुंगा, कारण उडून जाणारे वास पहिल्या मिनिटातच पळतात. लांब श्वास नको, दोन-तीन छोटे.

इथे आपली अडचण होते. इंग्रजी तक्त्यात प्रून, मोलॅसिस, लिकरिश असे शब्द येतात, आणि यातलं निम्मं आपण कधी खाल्लेलंच नसतं. मग तक्त्यातले शब्द पाठ कशाला करायचे? काकवी माहितीय ना? खजूर, काळ्या मनुका, साखर न घातलेली कोको पावडर, फिल्टर कॉफी, तव्यावर जरा जास्त भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा. आपल्याच नाकाच्या आठवणीतला शब्द लिहा. परीक्षकाला तुम्ही नेमकं काय हुंगलंत ते कळलं की झालं.

मग घोट. पूर्ण जिभेवर फिरवा आणि गिळा. वाइनवाले थुंकतात, बिअरमध्ये गिळतात, कारण कडूपणाचा शेवट घशाशी कळतो. बघायचं एवढंच, की गोड आणि कडू एकमेकांना धरून आहेत का. एवढ्या ताकदीच्या बिअरमध्ये यीस्टने न खाल्लेली साखर बरीच उरते. तिला तोलायला हॉप्सचा कडूपणा ५० ते ९० आयबीयू लागतो, म्हणजे साध्या लागरच्या कित्येक पट. तोल गेला की एक तर सिरप, नाहीतर कोळसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ऊब आणि जळजळ यातला फरक. गिळल्यावर छातीत हळूहळू ऊब पसरली, तर उत्तम. घशात चटका बसला किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर मार्क कापा. बहुतेक वेळा कारण असं की आंबवताना तापमान वर गेलं आणि यीस्टवर ताण आला. सर्व्हरवर लोड जास्त आणि कूलिंग कमी, तसंच. लोक यालाच "काय कडक आहे यार" म्हणून दाद देतात, आणि तिथेच माझी चिडचिड होते. तो बनवणाऱ्याचा दोष आहे.

बाकी दोष पटकन सांगतो. पॉपकॉर्नच्या बटरचा वास म्हणजे डायअसेटिल, यीस्टने काम अर्धवट सोडलं. ओल्या पुठ्ठ्याची किंवा सोया सॉससारखी चव म्हणजे हवा लागली. आंबट झोंबलं, तर बहुधा जंतुसंसर्ग.

आणि प्रमाणाचं गणित करूनच बसा. ३३० मिली, १० टक्के म्हणजे ३३ मिली शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीत साडेबत्तीस. म्हणजे ही छोटी बाटली त्या मोठ्या बाटलीएवढीच आहे. व्हिस्कीत मोजलं तर ३० मिलीचे अडीच पेग. आम्ही एक बाटली तिघांत वाटतो आणि गाडी घरी ठेवतो.

दोन बाटल्या मिळाल्या तर एक ठेवून द्या. अंधारात, गार जागी, उभी. वर्षा-दोन वर्षांत कडूपणा उतरतो आणि चव पोर्ट वाइनकडे झुकायला लागते. आजचे मार्क कागदावर लिहून बाटलीला रबरबँडने लावा, म्हणजे तेव्हा तुलना करता येईल. पुठ्ठा लागला तर मात्र दया नको, सरळ मार्क कापा.