मॉरिशसचा ऊस, युरोपचा भाव आणि आपले पाचट



मागच्या दिवाळीत गावी, धसईला गेलो होतो. मुरबाड तालुक्यातले हे माझे गाव भाताचे. पाऊस दांडगा, डोंगरउतारावर नाचणी-वरी, आणि उसाशी संबंध काय तो रसवंतीपुरता. (2016 साली 'कॅशलेस गाव' म्हणून धसईचे नाव पेपरात आले, तेव्हा आपल्यापैकी काहींनी मला त्यावरून बरेच चिडवले होते.) ओटीवर बसलो असता चुलतभावाने विचारले, "दादा, तू तिकडे घाटावर पाचट जाळू नका म्हणून सांगत फिरतोस, आणि इथं आपण दरसाल राब भाजतो, त्याचं काय?" सगळे हसले. मीही हसलो, कारण उत्तर नव्हते. पण त्यावरून पाचटाची एक गोष्ट मी त्यांना सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो. ती जरा लांबची आहे, थेट मॉरिशसची.

25 जुलै 2020 रोजी 'वाकाशिओ' नावाचे जपानी मालकीचे मोठे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते फुटले आणि सुमारे हजार टन तेल निळ्या पाण्यात पसरले. मासेमारी गेली, पर्यटन गेले. सरकारची मदत येईपर्यंत थांबायला लोकांना सवड नव्हती. गावोगावची माणसे जमली, त्यांनी कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट ठासून भरले, तरंगण्यासाठी रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि ते दोर समुद्रात सोडले. पाचटाने तेल अडवले, शोषले. आपण ज्याला काडी लावून मोकळे होतो, त्याच पाचटाने त्यांनी समुद्राला बांध घातला.

आता तुम्ही म्हणाल, मॉरिशसशी आपला काय संबंध? संबंध जुना आहे. बेट एवढेसे, सगळे मिळून सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपले दीड-दोन तालुके. ऊस तिथे डच लोकांनी 1639 साली जावाहून नेला. पुढे फ्रेंच आले, मग 1810 मध्ये इंग्रज. 1835 साली गुलामगिरी संपली तसे मळ्यांत राबायला माणसे मिळेनात, म्हणून करारावर हिंदुस्थानातून मजूर नेले. 1834 पासून पुढच्या 80-90 वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणचे, साताऱ्याकडचे मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो 'आप्रवासी घाट' 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि आपली कोकणची जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचतात. साळुंकीसुद्धा आपल्याकडूनच गेली. 1762 साली फ्रेंचांनी टोळ खाण्यासाठी ती नेली. औषध न मारता कीड आवरण्याचा हा जगातला फार जुना प्रयोग समजला जातो.

बरे, ऊस कसा आहे? जमीन ज्वालामुखीची, दगडगोट्यांची. मजुरांनी हाताने वेचून रचलेले दगडांचे ढीग अजून शेतांत उभे दिसतात. गळीत जून ते डिसेंबर, म्हणजे आपल्या नेमके उलटे. आणि खोडवा सात-सात, आठ-आठ वर्षे ठेवतात! आपल्याकडे दुसऱ्या खोडव्यालाच लोक नांगर काढतात. मी हे गटसभेत सांगितले तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "साहेब, हुमणी तिकडे पाठवा." वादळे मात्र त्यांच्या पाचवीला पुजलेली. 1960 सालच्या दोन वादळांनी साखर आदल्या वर्षाच्या निम्म्याहून खाली आणली. पण उसाचा विमा त्यांनी 1946 मध्येच सुरू केला होता, तो कामी आला.

आता भावाचे. इथे लक्ष द्या.

1975 साली युरोपच्या सामायिक बाजाराने आपल्या जुन्या वसाहतींशी साखरेचा करार केला. ठरलेला कोटा, ठरलेला भाव, आणि तो भाव जगाच्या बाजारापेक्षा बहुतेक वर्षी दुप्पट किंवा त्याहून जास्त. मॉरिशसला त्यात सर्वांत मोठा वाटा मिळाला, वर्षाला सुमारे पाच लाख टन. (भारतालाही मिळाला होता, पण पुढे तो दहा हजार टनांवर आला. समुद्रात थेंब.) या भावावर मॉरिशसने शाळा काढल्या, कापडगिरण्या उभारल्या, पोरे शिकवली. 1994 मध्ये साखरेवरचा निर्यातकर रद्द झाला, त्या बदल्यात कारखानदार कंपन्यांनी आपले 20 टक्के भाग कामगारांना आणि ऊसकऱ्यांना दिले. आपण सहकारवाले, आपल्याला त्याचे नवल वाटणार नाही. पण तिथे कारखाने खाजगी, म्हणून ती मोठी गोष्ट होती.

मग ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. युरोप साखरेला बेकायदा अनुदान देतो, अशी तक्रार. 2005 मध्ये ते जिंकले. युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्के उतरवला आणि 2009 मध्ये तो जुना करार संपवला. 36 टक्के म्हणजे शंभराचे चौसष्ट. भांडण तिघांचे युरोपशी, आणि कंबरडे मोडले मॉरिशसच्या शेतकऱ्याचे. त्याला कोणी विचारलेही नव्हते.

मॉरिशसने काय केले? 2006 पासून दहा वर्षांची योजना आखली, युरोपकडून पैसा घेतला. अकरा कारखाने होते, आज तीन उरलेत. कामगारांना रोख रक्कम आणि घरापुरती जमीन देऊन निवृत्त केले. कच्ची साखर विकणे सोडून पांढरी शुद्ध साखर आणि खास चवीच्या तपकिरी साखरा विकू लागले. छोट्या शेतकऱ्यांच्या सोसायट्यांनी 'फेअरट्रेड'चा शिक्का मिळवला, त्याचा जादा पैसा गावाला आला. 2021 साली भारताशी व्यापार करार झाला, त्यात त्यांच्या खास साखरेला आपल्याकडेही सवलतीने वाट मिळाली. हे सगळे चांगले. पण 1973 साली सात लाख टनांवर गेलेली साखर आता अडीच लाखांच्या खाली-वर आहे, आणि छोटे ऊसकरी निम्म्याहून कमी राहिलेत. पडीक शेतांत झुडपे वाढली. योजना चांगली होती असे म्हणताना हेही सांगायला हवे.

विजेचे त्यांनी फार आधी ओळखले. 1957 मध्येच एका कारखान्याने बगॅसची वीज सरकारी तारांत सोडली. 2010 च्या दशकात बेटाच्या विजेचा सहावा-सातवा हिस्सा बगॅसचा होता. मात्र गळीत संपले की त्याच बॉयलरमध्ये बाहेरून आणलेला दगडी कोळसा जळतो. तो 2030 पर्यंत बंद करू, असे सरकारने 2021 मध्ये जाहीर केले. त्यासाठी बगॅस हवा, बगॅससाठी ऊस हवा, आणि उसासाठी शेतकरी टिकायला हवा. इथे गाडी अडली. तिथल्या शेतकऱ्याला साखरेचे 78 टक्के मिळत होते, पण बगॅसचे म्हणावे असे काही मिळत नव्हते. तो वर्षानुवर्षे ओरडत होता. कोळशाची गोष्ट निघाल्यावरच बगॅसचा मोबदला भरपूर वाढला.

आपल्याकडे 2013 च्या ऊसदर कायद्याने हिशेब ठरवून दिला आहे. नुसती साखर धरली तर उत्पन्नाचे 75 टक्के, आणि बगॅस, मळी, प्रेसमड धरून 70 टक्के शेतकऱ्याचे. एफआरपी आणि यात जे जास्त असेल ते द्यायचे. मी कारखान्याचा नोकर, जास्त बोलणे बरे नाही. पण वार्षिक सभेचा अहवाल घरी येतो, त्यात हे आकडे असतात. चुलीजवळ ठेवण्याआधी तेवढे पान वाचत जा, आणि सभेत विचारा. विचारणे हा सभासदाचा हक्क आहे. भाव बाहेरून येतो तसा बाहेरून जातोही, हेही ध्यानात असू द्या. ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया ग्वाटेमालाला घेऊन आपल्याही मागे लागले होते. डिसेंबर 2021 मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला. भारताने अपील केले, पण तिथले अपील मंडळच बंद पडलेले असल्याने प्रकरण अडकून राहिले.

पाचटाकडे वळतो. मॉरिशसमध्ये आता पाचटाच्याही गाठी बांधून बॉयलरला देण्याचे प्रयोग झाले. माझे मत विचाराल तर पाचट जमिनीचे, ते जमिनीतच राहावे. तोडणीनंतर एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते सरीत दाबून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले की खोडव्याला दोन पाण्यांची बचत होते, हे आपल्याच गटातल्या प्लॉटवर मी पाहिले आहे. चुलतभावाला हे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे राब बंद करू का?" मी म्हटले, "आधी एका खाचराला करून बघू." यंदा जूनमध्ये बघणार आहोत.

ज्या सभासदांना खोडव्यात पाचट कुट्टी करायची आहे त्यांनी तोडणीची तारीख लागण्याआधी आपल्या गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव, गट नंबर आणि क्षेत्र नोंदवावे. मशीन एकच आहे, नंबराप्रमाणे येईल.