घरात कॉफीचे यंत्र आणताय?

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी वर्गणी काढून आईबाबांना कॉफीचे यंत्र भेट दिले. वरून कॉफीच्या बिया टाका, बटण दाबा, की अर्ध्या-एक मिनिटात कप भरून कॉफी हजर! पहिला महिना पाहुण्यांची रीघ लागली. आठ महिन्यांनी त्या घरी गेलो, तेव्हा यंत्रावर भरतकामाचा रुमाल होता आणि कॉफी आली ती पातेल्यात उकळलेली, जायफळ घातलेली. ‘‘यंत्राची कॉफी छान होते हो,’’ बाई म्हणाल्या, ‘‘पण रोज रात्री त्याचं पोट कोणी धुवायचं?’’

अशा यंत्रांची किंमत साधारण 50 हजारांच्या आसपास सुरू होते आणि दीड-दोन लाखांपर्यंतही सहज जाते. एवढ्या पैशांत दुसरे बरेच काही होऊ शकते. म्हणूनच दुकानात शिरण्यापूर्वी घरातच काही प्रश्न विचारलेले बरे.

तुमची कॉफी कोणती?

हे यंत्र मुळात इटालियन पद्धतीच्या एस्प्रेसोसाठी आहे. इटलीत लुइजी बेझेरा यांनी वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट 1901 मध्ये घेतले. पुढे अचिले गाज्जिया यांच्या यंत्राने वाफेऐवजी गरम पाण्याचा मोठा दाब वापरला आणि कॉफीवर तो तांबूस फेसाचा थर आला. आजचे घरगुती यंत्र हेच काम एका डब्यात करते. बिया दळते, सात ते दहा-अकरा ग्रॅम पूड दाबून बसवते, तिच्यातून नव्वद अंशांच्या वर तापलेले पाणी दाबाने सोडते आणि उरलेला चोथा आतल्या डब्यात टाकून देते.

दक्षिणी फिल्टर कॉफीची चव मात्र यातून येत नाही. त्या पुडीत बहुधा चिकोरी असते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी, म्हणजे पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरीही असू शकते! ही पूड बियांच्या डब्यात टाकायची सोयच नाही. काही यंत्रांना तयार पुडीसाठी वेगळे तोंड असते, पण तिथे चिकोरीची चिकट पूड घातली तर आतली जाळी तुंबण्याची भीती. इन्स्टंट कॉफी तर त्यात मुळीच घालू नये. बंगळूर किंवा चेन्नईत राहून ज्या मराठी घरांना डबऱ्या-टंबलरची सवय जडली आहे, त्यांनी सरळ पितळी फिल्टरच वापरावा. काही शे रुपयांत येतो आणि बिघडत नाही.

ज्यांना खरोखर कॅपुचिनो, लाटे किंवा कडक काळी कॉफी आवडते आणि दिवसातून तीन-चार कप लागतात, त्यांनीच पुढे वाचावे.

दाबाच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर 15 बार, 19 बार असे आकडे ठळक छापलेले असतात. चांगल्या एस्प्रेसोला नऊ बारच्या आसपास दाब पुरतो. बाकीचा आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो, चव नाही. त्यापेक्षा दळण बारीक-जाड करता येते का, कॉफीचे आणि पाण्याचे प्रमाण बदलता येते का, हे पाहा. वीस प्रकारची पेये देणारा रंगीत पडदा पाहून मुले खूश होतील, पण घरात रोज प्यायली जाणार आहेत दोन किंवा तीन.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे कॉफी गाळणारा आतला संच. डेलोंगी, फिलिप्स यांच्या यंत्रांत तो बाहेर काढून नळाखाली धुता येतो. ज्युराच्या यंत्रांत तो आतच बसवलेला असतो आणि गोळी टाकून यंत्राकडूनच स्वच्छ करवून घ्यावा लागतो. मला विचाराल तर आपल्या हवेत काढता येणारा संच बरा. मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात ओला चोथा दोन-तीन दिवस डब्यात राहिला तर त्यावर बुरशी येते. ती डोळ्यांनी पाहता यावी आणि हाताने धुता यावी.

साय आणि नळी

परदेशी माहितीपुस्तिकेत न सापडणारी अडचण दुधाची आहे. तिकडे बाटलीतले थंड दूध थेट यंत्राच्या भांड्यात जाते. आपल्याकडे दूध तापवतात, त्यावर साय धरते. सायीचा एवढासा तुकडा बारीक नळीत अडकला की फेस बंद! दूध गाळून, फ्रिजमध्ये चांगले गार करूनच घालावे. शिवाय एप्रिल-मे महिन्यात नळीत राहिलेले दूध दुपारपर्यंत नासते. भांडे-नळीची यंत्रे बटणावर कॅपुचिनो देतात खरी, पण नळ्या रोज धुवाव्या लागतात. वाफेची साधी दांडी असलेल्या यंत्रात दूध आपण फेसाळायचे, मग दांडीतून थोडी वाफ सोडून ती ओल्या फडक्याने पुसली की काम झाले. किंमतही कमी.

वीज, पाणी, ओटा

ही यंत्रे साधारण 1,450 वॉट वीज घेतात. मिक्सरच्या छोट्या प्लगवर ती लावू नयेत, 16 अँपिअरचा पॉइंट हवा. घरगुती लहान इन्व्हर्टरवरही ती चालत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एकांनी अमेरिकेहून येताना यंत्र हौसेने उचलून आणले. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230! आता त्याला शोभेल एवढा जड ट्रान्सफॉर्मर ओट्यावर ठेवायला जागा नाही आणि तिकडची वॉरंटी इकडे चालत नाही.

बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर आत क्षार साचतात. यंत्राबरोबर बहुधा पाण्याचा कठीणपणा मोजायची पट्टी येते. ती पाण्यात बुडवून यंत्रात तशी नोंद करा, म्हणजे क्षार काढण्याची आठवण वेळेवर येईल. त्यासाठी कंपनीने सांगितलेलेच द्रावण वापरावे. व्हिनेगर आतल्या रबरी भागांना मानवत नाही.

ओट्यावर टेप लावून मोजा. यंत्र चाळीस सेंटिमीटरहून खोल असते आणि बिया वरून घालायच्या असतात, तेव्हा वरच्या कपाटापर्यंत हात जायला हवा. आणि हो, दळताना आवाज होतो. पहाटे पाचला उठणाऱ्या आजोबांची कॉफी झोपलेल्या नातवालाही उठवेल.

हिशेब

समजा, यंत्र 60 हजारांचे आणि पाच वर्षे टिकले. महिन्याला हजार रुपये झाले. घरात रोज चार कप होत असतील तर महिन्याला 120 कप, म्हणजे कपामागे यंत्राचे सव्वाआठ रुपये. नऊ ग्रॅम बिया, किलोला हजार रुपये धरले तरी नऊ रुपये. दूध-साखर-वीज वेगळी. बाहेरच्या कॅफेच्या बिलापुढे हे काहीच नाही. पण रोज एकच कप होत असेल तर यंत्राचाच भार कपामागे 33 रुपयांवर जातो, आणि दुरुस्ती यात धरलेली नाही. घरातले बाहेर कॉफी प्यायला जाणे थांबवणार नसतील, तर बचतीची भाषा सोडून हौस म्हणावे.

बियांसाठी परदेशी पाकिटांमागे धावायची गरज नाही. चिकमगळूर, कोडगू, अराकूच्या बिया उत्तम असतात. भाजल्याची तारीख छापलेल्या घ्या. तेलाने चकाकणाऱ्या, फार काळ्या भाजलेल्या बिया दळणात चिकटतात, साखर किंवा वास लावलेल्या तर नकोतच.

दुकानात जाल तेव्हा विक्रेत्याला दोन कप कॉफी करायला सांगा, आणि मग ट्रे, चोथ्याचा डबा, गाळणीचा संच स्वतः काढून, धुऊन, पुन्हा बसवून पाहा. आपल्या शहरात दुरुस्ती करणारा माणूस घरी येतो की यंत्रच खोक्यात भरून दुसऱ्या गावी पाठवावे लागते, हे पावतीआधी विचारा. ते मूळ खोकेही माळ्यावर जपून ठेवा. आणि घरी जो रोज धुणार आहे, त्याला बरोबर न्या. आमच्या त्या बाईंना मुलांनी नेले नव्हते.