बुरशीचे रसायन

आषाढाच्या सरी कोसळू लागल्या की जबलपूरच्या आसपास, लोहमार्गाच्या कडेने, पडीक आवारांत आणि भेडाघाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा, कातरलेल्या पानांची एक हिरवीगार वनस्पती दाटून येते. थोड्याच दिवसांत तिच्यावर बारीक पांढरी फुले डोलू लागतात. नर्मदेच्या दर्शनाला निघालेल्या प्रवाशाला ते दृश्य शोभिवंत वाटत असेल. शेतकऱ्याला ते तसे वाटत नाही. महाराष्ट्रात हिलाच गाजरगवत किंवा चटकचांदणी म्हणतात. या परदेशी तणाची आपल्याकडील पहिली ठळक नोंद 1955 च्या सुमारास पुण्यात झाली, आणि तेथून पाहता पाहता ते देशभर पसरले. त्याच्या एकेका झाडापासून हजारो बिया झडतात. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, कातडी लाल होऊन सुजते. परागांमुळे कोणाला दमाही लागतो. निर्मूलनाचे सप्ताह पाळले जातात, परिपत्रके निघतात. परंतु गाजरगवत परिपत्रके वाचत नाही.

तणांच्या अभ्यासाला वाहिलेली एक राष्ट्रीय संस्था 1989 पासून जबलपुरातच आहे. गाजरगवताची पाने खाणारा मेक्सिकोकडील भुंगा वाढवून तो सोडण्याचे काम तेथे होत आले आहे. याच शहरातील राणी दुर्गावती विद्यापीठात मात्र कवकांच्या, म्हणजे बुरशींच्या, अभ्यासकांनी वेगळ्या दिशेने विचार केला. गाजरगवत कितीही चिवट असले तरी त्यालाही रोग होतातच. त्याच्या पानांवर तपकिरी ठिपके पडतात, ते पसरतात आणि पान करपते. हा रोग घडवून आणणारी बुरशी नेमके करते तरी काय?

बुरशीला दात नसतात, जठर नसते. तिचे शरीर म्हणजे सुतासारख्या तंतूंचे जाळे. आपले अन्न ती बाहेरच पचविते आणि मग शोषून घेते. जिवंत पानात शिरताना कित्येक बुरशी आपल्यापुढे एखादे विषारी द्रव्य पाठवितात. पेशी मरतात, त्यांतील रस बाहेर येतो, आणि तंतू निर्धास्तपणे पुढे सरकतात. हे खरे की नाही, ते पाहण्याची रीत साधी आहे. पोषक द्रवात बुरशी वाढवावयाची आणि तो द्रव अशा बारीक गाळणीतून गाळावयाचा की त्यात एकही तंतू वा बीजाणू उरू नये. मग त्या निवळ द्रवात निरोगी फांदी ठेवावयाची. ती फांदीही कोमेजली, पानांवर तेच डाग उठले, तर मारेकरी बुरशी स्वतः नसून तिने सोडलेले रसायन होय, असे म्हणता येते.

जबलपूरच्या संशोधकांनी फोमा हर्बेरम नावाच्या बुरशीच्या द्रवातून असेच एक रसायन वेगळे काढून ओळखले, आणि 2006 साली ते प्रसिद्ध केले. ते निघाले तीन-नायट्रोथॅलिक आम्ल. गंमत अशी की रसायनशास्त्रज्ञांना हा पदार्थ फार पूर्वीपासून ठाऊक होता. गुन्ह्याच्या जागी पुसून टाकलेले रक्ताचे डाग अंधारात उजळवून दाखविणारे ल्युमिनॉल ह्याच पदार्थापासून तयार करतात. प्रयोगशाळेच्या फळीवरील बाटलीत जे होते, तेच एक बुरशी रोगट पानात गुपचूप बनवीत होती!

रोगकारक बुरशीचे द्रव्य माणसाने कामाला लावावे, ही कल्पना नवी नाही. जपानात भाताच्या रोपांना एक चमत्कारिक रोग होत असे. रोपे फाजील उंच वाढत, फिकट पडत आणि बहुधा दाणा न धरताच मरत. शेतकरी त्यांना वेडी रोपे म्हणत. 1926 साली कुरोसावा या संशोधकाने दाखवून दिले की बुरशी वगळून तिचा नुसता गाळलेला द्रव दिला तरी रोपे तशीच वेडी होतात. त्या द्रवातील पदार्थाला पुढे जिबरेलिन हे नाव मिळाले. आज नाशिक आणि सांगलीकडचे द्राक्षबागाईतदार ज्या ‘जीए’च्या द्रावणात घड बुडवितात, ते हेच. मण्यांचा आकार त्याने वाढतो. भाताचा रोग द्राक्षाचा पोशिंदा झाला, तो मात्रा आणि वेळ नेमकी कळल्यावर.

परंतु त्या बुरशीच्या गोतावळ्याची, म्हणजे फ्युझेरियम या प्रजातीची, दुसरी बाजूही आहे. तिच्यातील काही जाती पावसात भिजलेल्या कणसांवर फ्युमोनिसिन नावाचे विष तयार करतात. 1995 साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत अवकाळी पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका लोकांच्या पोटात गेली. पोटात कळा, गुरगुर आणि जुलाब यांनी घरेच्या घरे हैराण झाली. गरिबाच्या घरात काळे पडलेले धान्य टाकून दिले जात नाही. विकत घ्यावयास दुसरे नसते. येथे बुरशी माणसाच्या अंगात शिरली नव्हती, केवळ तिचे रसायन शिरले होते.

कधी कधी बुरशी स्वतःही शिरते. कापणी-मळणीच्या दिवसांत पात्याची धार किंवा तूस डोळ्याला लागते, आणि त्याबरोबर आलेली फ्युझेरियम बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात वाढू लागते. वेळेवर उपचार न झाल्यास दृष्टी जाते. एरवी माणसाच्या शरीराची ऊब बहुतेक बुरशींना सोसत नाही, हे आपले भाग्य. डोळ्याचा पृष्ठभाग आणि कातडी ही ठिकाणे मात्र तुलनेने थंड असतात.

ज्या फोमा प्रजातीवर जबलपुरात आशा ठेवली गेली, तिच्यातील काही जातीही क्वचित, काटा रुतल्यानंतर किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत, माणसाच्या कातडीत रुजल्याच्या नोंदी आहेत. काळसर बुरशींच्या पेशीभित्तीत मेलॅनिन हे रंगद्रव्य असते. पानावर ते उन्हापासून रक्षण करते. शरीरात तेच पांढऱ्या पेशींच्या माऱ्यापासून बुरशीला वाचविते.

म्हणून तण मारण्यासाठी जिवंत बीजाणू फवारावेत, की बुरशीचे रसायन तेवढे वेगळे काढून वापरावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. बीजाणू स्वस्त पडतात आणि आपले आपण वाढतात. परंतु त्यांना दमट हवा लागते, आणि एकदा सोडले की परत बोलाविता येत नाहीत. रसायन वाढत नाही, पसरत नाही, त्याची मात्रा मोजता येते. पण ते बुरशीपासून आले, म्हणजे नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे, हा जो तर्क बाजारात सर्रास ऐकू येतो, तो भाबडा आहे. फ्युमोनिसिनही नैसर्गिकच होते. शेजारच्या हरभऱ्याचे काय होईल, मातीत ते किती दिवस टिकेल, फवारणाऱ्या मजुराच्या कातडीला आणि डोळ्यांना काय होईल, बांधावर चरणाऱ्या गाईच्या दुधात ते उतरेल काय, हे एकेक करून तपासावे लागते. 1968 च्या कीटकनाशक कायद्याने तणनाशकांनाही नोंदणीची अट घातली, ती याचसाठी. प्रयोगशाळेतील करपलेल्या पानापासून दुकानातील बाटलीपर्यंतचा हा रस्ता लांबच आहे.

तोवर जबलपुरात काय आणि पुण्यात काय, पाऊस पडून जमीन मऊ झाली की हातमोजे घालून, पांढरी फुले येण्यापूर्वी, गाजरगवत मुळासकट उपटावे लागते.